नावडत्याचं मीठ अळणी

डार्थ व्हेडरला कधी वकील लागला नाही. त्यानं जेडाय मंदिरातल्या पोराटोरांवर तलवार चालवली, पोटच्या मुलीचा छळ केला (ती आपली मुलगी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, पण छळ तो छळच), मुलाचा हात मनगटापासून उतरवला आणि कामात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचे गळे लांब उभं राहून, हातही न लावता आवळले. अल्डेरान नावाचा अख्खा ग्रह उडवला गेला तेव्हा तो शेजारीच उभा होता. एवढं करून आज त्याचा मुखवटा शाळेच्या दप्तरांवर आहे, चहाच्या मगांवर आहे, तान्ह्या बाळांच्या झबल्यांवरसुद्धा आहे. 'स्टार वॉर्स'च्या चाहत्याला त्याचं नाव घेताना जरा भरूनच येतं.

त्याच चाहत्यासमोर जार जार बिंक्सचं नाव काढून बघा. कडू कारलं चावल्यासारखा चेहरा होतो. आणि जार जारचा गुन्हा काय? त्याच्या हातून वस्तू पडतात. जिथं पाय ठेवू नये नेमका तिथंच तो ठेवतो, आणि तिथं शेण असतं. चारचौघांत जेवायला बसल्यावर वाडग्यातलं फळ हातानं न घेता लांबलचक जिभेनं उचलतो. लांब कान, बाहेर आलेले डोळे, अंगात हाडं आहेत की नाहीत अशी चाल. बस्स. एकाही ग्रहाला त्यानं धक्का लावलेला नाही.

त्याचं खरं दुर्दैव म्हणजे तो चुकीच्या वर्षी जन्मला. पहिली त्रयी १९८३ साली 'रिटर्न ऑफ द जेडाय'नं संपली. त्यानंतर थेट १९९९ च्या मे महिन्यात 'द फँटम मेनेस' आला. मधल्या सोळा वर्षांत शाळकरी प्रेक्षकांना मिशा फुटल्या, लग्नं झाली, घराचे हप्ते सुरू झाले. ही मंडळी थिएटरात गेली ती सिनेमा बघायला नव्हे, स्वतःचं बालपण परत घ्यायला. जॉर्ज ल्यूकस मात्र सांगत होता की हे सिनेमे बारा वर्षांच्या मुलांसाठी आहेत, आणि तो अगदी मनापासून सांगत होता. पडद्यावर एक विदूषक धडपडत आला. शेजारी बसलेली मुलं खिदळली आणि बापांनी कपाळावर हात मारला. पुढं २००१ च्या सुमारास एका संपादकानं त्या चित्रपटाची स्वतःच काटछाट करून जार जारला जमेल तेवढं वगळलेली आवृत्ती काढली. लोकांनी ती हातोहात फिरवली.

आता मला एक सांगा, जार जारला खरोखर वगळलं तर नाबू ग्रह वाचतो कसा? ट्रेड फेडरेशननं ग्रहाला वेढा घातलाय. राणी अमिडाला राजधानीत, कोरुसांटला, न्याय मागायला गेली आहे. सिनेटमध्ये मिळते ती समिती नेमण्याची भाषा. (हा भाग ल्यूकसनं कल्पनेनं लिहिला असेल असं आपल्याकडच्या प्रेक्षकाला वाटतच नाही.) सगळे मुत्सद्दी हात चोळत असताना खिडकीपाशी हा धांदरट जीव राणीला सहज बोलता बोलता सांगून जातो, की आम्हा गंगन लोकांची मोठी फौज आहे, आणि बहुतेक म्हणूनच तुम्हाला आम्ही आवडत नाही. राणीच्या डोक्यात दिवा पेटतो तो इथं. ती परत फिरते, त्याच धांदरटाचं बोट धरून गंगनांच्या लपायच्या जागी पोचते, त्यांच्या राजापुढं गुडघे टेकते आणि दोन भांडखोर शेजारी एक होतात. सबंध चित्रपटात यापेक्षा शहाणी राजनीती कुणी केलेली नाही. जेडायांनी तर नाहीच.

बरं, हा जीव धांदरट असल्यामुळे त्याच्याच लोकांनी त्याला हाकलून दिलेलं असतं. म्हणजे प्रेक्षकांनी त्याच्याशी जे केलं ते कथेत आधीच होऊन गेलं होतं. पाण्याखालच्या ओटो गंगा शहरातल्या पंचांनी दिलेला निकाल आपण फक्त कायम केला.

इथं मला योडाची आठवण होते. 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' १९८० चा. कथानायक ल्यूक दलदलीत उतरतो आणि तिथं एक हिरवं, सुरकुतलेलं पिल्लू येऊन त्याचं सामान उचकतं, त्याचं खाणं तोंडात घालून थुंकतं, एका दिव्यासाठी यंत्रमानवाशी मारामारी करतं, खी खी हसतं. वाक्यरचना उलटीपालटी. ल्यूक वैतागतो, त्याला भेटायचं असतं एका महान योद्ध्याला. ती पहिली काही मिनिटं आठवा. तेवढ्यापुरता योडा हा जार जारच आहे. मग हळूच उघड होतं की हाच तो महान गुरू, आणि ल्यूकबरोबर आपणही खजील होतो. दिसण्यावरून, आकारावरून कुणाला मोजू नये हा धडा आपण डोळे मिटून माना डोलवत घेतो. एकोणीस वर्षांनी ल्यूकसनं त्याच धड्यावर परीक्षा घेतली, फक्त या वेळी शेवटी गुपित उलगडलं नाही. जार जार पहिल्या प्रसंगात वेंधळा होता, शेवटच्या मिरवणुकीतही वेंधळाच राहिला. आम्ही सगळे नापास.

नापास झालो हे मनाला किती लागलं होतं ते २०१५ साली कळलं. एका चाहत्यानं मोठा सिद्धान्त मांडला की जार जार वेंधळा नाहीच. तो आतून जेडायांच्या वैऱ्यांपैकी, म्हणजे सिथ आहे, सगळ्या कारस्थानाचा सूत्रधार. पुरावे काय, तर त्याचं ते झोकांड्या खाणं म्हणजे दारुड्याचं सोंग घेणारी युद्धकला, आणि दुसरा बोलत असताना त्याचे हात हलतात म्हणजे तो समोरच्याचं मन वळवतोय. लोकांनी हा सिद्धान्त डोक्यावर घेतला. २०२४ च्या लेगो मालिकेत तर काळ्या झग्यातला 'डार्थ जार जार' गमतीनं अवतरलासुद्धा. मला यात गंमत वाटते आणि थोडं वाईटही. म्हणजे हा प्राणी लाखोंचा संहार करणारा निघाला तर आम्ही त्याला पोटाशी धरायला तयार आहोत. नुसता साधा, भला, गोंधळी निघाला तर मात्र त्याची आम्हाला लाज वाटते.

लाज कुणाची वाटावी हे पुढच्या गोष्टीत आहे. जार जार संगणकावर चितारलेला असला तरी त्याच्या आत एक माणूस होता. अहमद बेस्ट, पंचविशीतला तरुण, 'स्टॉम्प' या ताल-वाद्यांच्या रंगमंचीय प्रयोगात काम करणारा. तिथंच तो निवड करणाऱ्यांच्या नजरेस पडला. डोक्यावर जार जारचं मुंडकं बसवलेली टोपी घालून तो सेटवर वावरायचा, म्हणजे लियम नीसनसारख्या नटांना कुठं बघून बोलायचं ते कळावं. खऱ्या नटांच्या चित्रपटात संपूर्ण संगणकीय प्रमुख पात्र उभं करण्याच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी हा एक. तीनच वर्षांनी दुसऱ्या एका चित्रपटमालिकेत गॉलम हे तसंच पात्र आलं आणि त्या तंत्राचं जगभर कौतुक झालं. वाट ज्यानं मळवली त्याच्या वाट्याला शिव्या आल्या. २०१८ साली बेस्टनं एका पुलावरचा आपला आणि आपल्या लहानग्या मुलाचा फोटो लोकांपुढं ठेवला आणि सांगितलं, की त्या टीकेच्या दिवसांत याच जागी आपण जीव द्यायच्या बेतात होतो. तो वाचला. पुढच्या वर्षी शिकागोतल्या 'स्टार वॉर्स' संमेलनात तो मंचावर आला तेव्हा सभागृह उभं राहिलं, आणि ल्यूकसनं चित्रफितीतून कळवलं की जार जार हे आपलं सगळ्यात लाडकं पात्र आहे. २०२३ मध्ये 'द मँडलोरियन' मालिकेत बेस्ट दोन्ही हातांत प्रकाश-तलवारी घेऊन जेडाय म्हणून अवतरला आणि चिमुकल्या ग्रोगूला त्यानं वाचवलं. उचलून, वाहनातून, गोळीबारातून. त्यात त्याच्या हातून एकही वस्तू पडली नाही.

एक आक्षेप मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. जार जारची बोली कॅरिबियन बेटांवरच्या लोकांची टिंगल वाटते असं तेव्हाच अमेरिकेतल्या अनेकांनी लिहिलं. ल्यूकसनं आणि बेस्टनं ते नाकारलं. बेस्ट स्वतः कृष्णवर्णीय, आणि त्याच्या मनात होता मूकपटांचा बस्टर कीटन. पण ऐकणाऱ्याला जे बोचलं ते बोचलं, आणि त्याच चित्रपटातल्या इतर परग्रहवासीयांच्या बोलण्याचे हेल ऐकले की आक्षेपाला आणखीच वजन येतं. आपल्या संस्कृत नाटकांतही राजा संस्कृत बोलतो आणि खादाड विदूषक प्राकृत. तिथल्या हशातही कोण वर, कोण खाली हे ठरलेलंच होतं. तेव्हा जार जारचा बचाव करताना त्याची भाषा लिहिणाऱ्यांचा बचाव मी करत नाही. माझं अशील तोच.

दुसरं अशील ओवेनकाका.

यांच्यावर कुणी दगड मारत नाही, पण कुणी प्रेमही करत नाही. १९७७ च्या पहिल्या चित्रपटातला हा ल्यूकचा काका म्हणजे कटकट्या, कंजूष, पोराच्या पंखांवर पाय देऊन उभा असलेला. ल्यूकला अकादमीत जायचंय, वैमानिक व्हायचंय. काका म्हणतो, या हंगामापुरता थांब, सुगीच्या वेळीच तुझी गरज असते, पुढच्या वर्षी पैसे सुटले की गडी ठेवू. असं पुढचं वर्ष कधीच येत नाही, हे ल्यूकला कळतं आणि आपल्यालाही. पोरगं फुरंगटून बाहेर जातं, दोन सूर्य मावळताना बघतं, आणि संगीत असं काही उसळतं की ओवेनकाकाचं म्हणणं ऐकायला कुणी शिल्लक राहत नाही.

पण काकाची परिस्थिती बघा. टॅटूइन हा वाळवंटी ग्रह. काकाचा धंदा हवेतली ओल गोळा करायचा, म्हणजे पाण्याची शेती. यंत्रं सतत बिघडतात. नवे यंत्रमानव परवडत नाहीत म्हणून जुन्या बाजारातले घेतो, आणि त्यातला एक जागच्या जागी धूर सोडून बंद पडतो. ल्यूक हा त्याचा सख्खा पुतण्याही नव्हे. ल्यूकचा बाप अनाकिन हा ओवेनचा सावत्र भाऊ, तोही एकदाच दोन दिवस घरी येऊन आईचं प्रेत ठेवून गेलेला. त्याचं पोर एका संध्याकाळी ओबी-वान नावाचा साधू आणून देतो आणि निघून जातो. ओवेन आणि बेरू ते पोर एका शब्दानं न कुरकुरता वाढवतात, त्याला रोज निळं दूध पाजतात. जेवणाच्या टेबलावर बेरूकाकू म्हणते, याच्यात बापाचा अंश फार आहे. काका उत्तरतो, त्याचीच तर भीती वाटते. १९७७ साली हे वाक्य कानावरून गेलं. १९८० साली बाप म्हणजे व्हेडरच हे कळलं आणि मग लक्षात आलं, की त्या घरात सगळं समजून बोलणारा माणूस हा एकच होता.

त्याच्यावर दुसरा आरोप खोटं बोलल्याचा. बापाबद्दल त्यानं पोराला खरं सांगितलं नाही. कबूल. पण ओबी-वान काय बोलला? तुझ्या बापाला व्हेडरनं मारलं, असं त्यानं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. पुढं पकडला गेल्यावर, एका अर्थानं ते खरंच होतं, अशी मखलाशीही केली. काकाच्या खोट्यानं पोरगं शेतावर सुरक्षित राहिलं असतं. साधूच्या खोट्यानं ते नकळत बापाच्या जिवावर उठलं. तरी साधूला निळसर तेजोवलय मिळालं आणि काका-काकूंचे, साम्राज्याचे सैनिक येऊन गेल्यावर, दारात जळके सांगाडे उरले. त्या सांगाड्यांपासून परतलेला ल्यूक साधूला म्हणतो, इथं आता माझं काही उरलं नाही, मला जेडाय व्हायचंय. पुढच्या सगळ्या प्रवासात काका-काकूंचं नाव जवळपास निघत नाही. साधू मेला तेव्हा मात्र पोरगं खांदे पाडून बसलं आणि लेयानं त्याच्या पाठीवर पांघरूण घातलं. साधूबरोबर निघून किती दिवस झाले होते? हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जन्मभर दूध पाजणाऱ्यांच्या वाट्याला एक हताश नजर आली. घराघरांत असंच असतं, असं म्हणून सोडून देता येईल. मला सोडवत नाही.

इवॉकांसाठी फार बोलायला नको. ती केसाळ अस्वलं खेळण्यांच्या दुकानासाठी बनवली, साम्राज्याचं सैन्य टेडी बेअरांकडून हरतं हे हास्यास्पद आहे, अशी ओरड १९८३ पासून चालू आहे. ल्यूकसनं आधी तिथं वूकी योजले होते. पण चुबाका हा वूकी अंतराळयानं चालवतो म्हटल्यावर वूकींना रानटी म्हणायची सोय उरली नाही, म्हणून त्यानं उंची कापली आणि छोटे जंगलवासी केले. त्याच्या डोळ्यांसमोर व्हिएतनाम होतं. प्रचंड यंत्रं घेऊन आलेल्या महासत्तेला स्वतःच्या जंगलात लाकडाचे ओंडके नि दोरखंड घेऊन हरवणारे लोक. हास्यास्पद वाटत असेल तर तक्रार इतिहासाकडे करावी. आणि ते निरागस आहेत असं म्हणणाऱ्यांनी तर चित्रपट नीट पाहिलेलाच नाही. हान सोलो आणि ल्यूकला त्यांनी दांड्याला बांधून भाजायला घेतलं होतं. विजयाच्या रात्री ते शत्रूच्या शिरस्त्राणांवर ढोल वाजवतात, मेजवानी रंगते. शिरस्त्राणांच्या आतली डोकी कुठं गेली हे आजवर कुणीही विचारलेलं नाही.

व्हिएतनामचा धागा पुढं वेगळ्याच ठिकाणी निघाला. २०१७ च्या 'द लास्ट जेडाय'मध्ये रोज टिको आली. केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीनं ती केली. तिचे आईवडील व्हिएतनाममधून निर्वासित होऊन अमेरिकेत आलेले. लोकांनी रोजला नको नको ते म्हटलं आणि तिथं न थांबता अभिनेत्रीच्या रंगारूपावर घसरले. २०१८ च्या उन्हाळ्यात तिनं आपलं इन्स्टाग्राम पुसून टाकलं. मग न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून सांगितलं की यापुढं मी गप्प बसणार नाही.

रोज टिकोचा तो जुगारनगरीतला फेरफटका रटाळ आहे, हे मीही म्हणतो. पण तिचा पहिला प्रसंग पुन्हा बघावा. तिची बहीण नुकतीच बॉम्ब टाकताना मेली आहे. रोज ही जहाजातल्या नळ्या-पाइपांची दुरुस्ती करणारी. ती कोपऱ्यात बसून रडते आहे आणि रडता रडता जहाज सोडून निसटायच्या छोट्या यानांवर पहारा करते आहे, कारण ड्युटी संपलेली नाही. समोर येतो नावाजलेला वीर फिन. ती हरखून जाते, डोळे पुसते, वीरपूजेचं छोटं भाषण करते, आणि मग तिच्या लक्षात येतं की वीर बॅग घेऊन पळून चाललाय. ती त्याला झटका देऊन आडवा पाडते. या मालिकेत कारागीर, मिस्त्री, फिटर ढिगानं आहेत, पण त्यांच्यापैकी एकीला आपण जवळून पाहिलं ते इथंच. २०१९ च्या पुढच्या चित्रपटात सव्वादोन तासांहून अधिक लांबीत तिला जेमतेम सव्वा मिनिट दिलं गेलं. ओरडणाऱ्यांचं ऐकलं जातं म्हणतात ते असं.

आणि अनाकिनचं वाळूबद्दलचं ते भाषण! 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्ये तळ्याकाठच्या सुंदर सज्जात उभा राहून हा तरुण पाद्मेला, म्हणजे पूर्वीच्या राणी अमिडालाला, सांगतो की मला वाळू आवडत नाही, ती खरखरीत असते, टोचते आणि सगळीकडे शिरते. यावर जग वीसहून अधिक वर्षं हसतं आहे. गणपतीपुळ्याहून परतल्यावर महिनाभर गाडीच्या सीटखालून वाळू काढणारा माणूस तरी हसणार नाही. विनोद सोडा, हा मुलगा टॅटूइनवर गुलाम म्हणून वाढला. वाळू म्हणजे त्याच्या आईची बेडी. नवव्या वर्षी त्याला उचलून अशा मठात घातलं जिथं प्रेम करायलाच बंदी. दहा वर्षं मठात काढलेल्या पोरानं पहिल्यांदा मुलीशी बोलताना हवामान आणि भूस्तर सोडून कशावर बोलावं? अनाकिन झालेल्या हेडन क्रिस्टन्सननं ते ओशाळेपण नेमकं पकडलं होतं. आपल्याला हवा होता हान सोलो. माझी भाची हे चित्रपट सातव्या-आठव्या वर्षी पाहून मोठी झाली. तिला त्या वाक्यात हसण्यासारखं काय आहे तेच कळत नाही. तिच्या वयाची पोरं कमावती झाली आणि २०२२ मध्ये क्रिस्टन्सन परतला तेव्हा त्याच्या स्वागताला तीच उभी होती.

राहता राहिला जार जारवरचा सगळ्यात गंभीर आरोप, जो मी मुद्दाम मागे ठेवला. 'अटॅक ऑफ द क्लोन्स'मध्येच सिनेटपुढं उभं राहून चॅन्सलर पॅल्पटिनला आणीबाणीचे अधिकार द्यावेत असा ठराव त्यानं मांडला, आणि तिथून प्रजासत्ताकाचं साम्राज्य झालं. ठराव त्यानंच मांडला, नाकारण्यात अर्थ नाही. पाद्मेच्या जिवावर बेतलं म्हणून ती गावी गेली होती, तिच्या खुर्चीत हा बदली माणूस बसला होता, आणि सैन्य उभारायला तिचा असलेला विरोध यानं एका भाषणात पाण्यात घातला. पण घडलं कसं? चॅन्सलरच्या दालनात जाणती मंडळी जमली होती. एवढा धाडसी ठराव मांडणार कोण, असं चॅन्सलरनं सुस्कारा टाकून म्हटलं. पाद्मे असायला हवी होती, असं त्याच्या उपाध्यक्षानं लगेच जोडलं. सगळ्यांच्या नजरा कुठं वळल्या ते सांगायला नको. भोळ्या माणसाला मोठं काम सांगितलं की त्याची छाती फुगते; त्याची फुगली. सभागृहात त्यानं अडखळत ठराव वाचला आणि हजारो सिनेटर बाकांवरून उठून जल्लोष करू लागले. लोकशाहीवर आपलं प्रेम आहे, संकट टळलं की अधिकार परत करीन, असं पॅल्पटिन म्हणाला. वरच्या सज्जात जेडाय उभे होते. पावणेनऊशे वर्षांचा अनुभव असलेला योडाही होता. त्यानं हरकत घेतली नाही. नवं सैन्य बघायला कामिनो ग्रहावर तोच गेला.